मंडईत घासाघीस कोण करतं? ठोकताळे बाजूला ठेवून निरीक्षण कसं करायचं

“भाव पाडतात त्या बायकाच. पुरुष सांगितले तेवढे पैसे देतो आणि पिशवी उचलतो.” सोलापूरच्या लक्ष्मी मंडईत हे वाक्य भाजीवाल्याकडूनही ऐकू येतं आणि गिऱ्हाइकाकडूनही. दोघांनाही त्याची खात्री असते, कारण दोघांनीही ते डोळ्यांनी पाहिलेलं असतं. मानसशास्त्राचा अभ्यास नुकताच सुरू केलेल्याने नेमकं इथे थांबायचं आणि विचारायचं: पाहिलं म्हणजे काय केलं? किती गिऱ्हाइकं पाहिली? सकाळी की संध्याकाळी? एक शब्दही न बोलता पैसे देऊन गेलेल्या बायका कुणी मोजल्या का?

बी.ए.-एम.ए.चा पहिला प्रकल्प हाती घेतलेले विद्यार्थी, बी.एड. करणारे, वस्तीत काम करणारे कार्यकर्ते अशांसाठी हा लेख आहे. मंडईतल्या घासाघिशीचंच उदाहरण शेवटपर्यंत धरून चालू. विषय साधा आहे, जागा सार्वजनिक आहे, चुकून कुणाचं नुकसान होण्याची शक्यता कमी आहे आणि निरीक्षणात येणाऱ्या बहुतेक सगळ्या अडचणी यात भेटतात.

आधी एक गोष्ट, जी सोलापूरकराला माहीत असायलाच हवी

माणसांच्या गटाबद्दलचे साचेबंद समज हा आपल्या शहरात नुसता पुस्तकातला धडा नाही. १८७१ साली ब्रिटिश सरकारने गुन्हेगार जमाती कायदा केला. काही जमाती जन्मानेच गुन्हेगार असतात, हा समज त्या कायद्याचा पाया होता. माणसाने काय केलं हे न पाहता तो कुठल्या जमातीत जन्मला, एवढ्यावरून त्याची नोंद व्हायची, बोटांचे ठसे घेतले जायचे, हजेरी लावली जायची. अशा जमातींसाठी सोलापुरात तारेच्या कुंपणाची वसाहत होती. त्या भागाला आजही सेटलमेंटच म्हणतात. कायदा रद्द झाला तो स्वातंत्र्यानंतर, १९५२ साली. समज मात्र कायद्याबरोबर रद्द झाला नाही, हे विमुक्त समाजातलं, म्हणजे त्या यादीतून सुटलेल्या जमातींतलं, कुणीही सांगेल.

इथे कुणी म्हणेल, रोजची हजेरी, नोंदवह्या, तारखा, म्हणजे हेसुद्धा पद्धतशीर निरीक्षणच झालं की! नाही. त्या नोंदवहीत फक्त एकाच गटाची माणसं होती. शहरातल्या बाकीच्यांची हजेरी कुणी घेत नव्हतं, त्यामुळे तुलना करायला काही नव्हतंच. आणि काय सापडणार, हे नोंदवही उघडण्यापूर्वीच ठरलेलं होतं. ज्यांच्यावर रात्रंदिवस नजर आहे त्यांचे गुन्हे जास्त दिसणार, आणि जास्त दिसले म्हणून नजर आणखी कडक होणार. ती पाळत होती. निरीक्षणात आपला समज खोटा ठरायला मोकळी वाट ठेवावी लागते. पुढच्या प्रत्येक पायरीला ही वाट उघडी आहे का, हे तपासत चला. माझ्या मते या पद्धतीचा गाभा तेवढाच आहे, बाकी सगळी त्याची तांत्रिक बाजू.

पायरी पहिली: समज कागदावर उतरवा, खोटा ठरू शकेल अशा शब्दांत

‘बायका चिकट असतात’ हे वाक्य तपासता येत नाही. चिकट म्हणजे काय, कोण ठरवणार? ‘लक्ष्मी मंडईत भाजी घेणाऱ्या स्त्रियांपैकी भाव कमी करायला सांगणाऱ्यांचं प्रमाण, पुरुषांपैकी तसं सांगणाऱ्यांच्या प्रमाणापेक्षा जास्त असतं’ हे वाक्य तपासता येतं. लांबलचक आहे, कानाला गोड नाही, पण ते खोटं ठरू शकतं.

त्याखाली तुमचा स्वतःचा अंदाजही लिहा. काय निघेल असं वाटतं आणि का वाटतं, ते तारखेसह लिहून ठेवा. मनातला समज मनातच राहिला तर तो नोंदी करताना हात धरतो. कागदावर आला की निदान समोरासमोर येतो.

असे समज ओळखीतूनच तयार होतात असंही नाही. १९३३ साली कॅट्झ आणि ब्रॅली या दोन संशोधकांनी अमेरिकेतल्या प्रिन्स्टन विद्यापीठाच्या १०० विद्यार्थ्यांना ८४ गुणविशेषांची यादी देऊन वेगवेगळ्या दहा गटांसाठी त्यातून शब्द निवडायला सांगितले. विद्यार्थ्यांचं एकमेकांशी बरंच जमलं. ज्या गटांतली माणसं त्यांना क्वचितच भेटली असतील, त्यांच्याबद्दलही एकमत दिसलं. सगळेच तसं म्हणतात, एवढ्यावर एखाद्या समजाला पुरावा मानू नका.

पायरी दुसरी: शिक्का सोडा, क्रिया लिहा

नव्या निरीक्षकाच्या वहीत पहिल्या दिवशी बहुधा असं काही लिहिलेलं असतं: ‘एक भांडखोर बाई आली, टोमॅटोवरून भाजीवाल्याशी हुज्जत घातली.’ यात घडलेलं किती आणि लिहिणाऱ्याचं किती? तीच घटना अशी लिहिता येते: ‘स्त्री, अंदाजे पन्नाशीची. भाजीवाला: चाळीसला किलो. ती: तीसला द्या. भाजीवाला: परवडत नाही. ती दोन पावलं पुढे गेली. त्याने हाक मारली. पस्तीसला एक किलो घेतले.’ दुसऱ्या नोंदीत भांडण कुठेच नाही. सौदा आहे, आणि तो दोघांनी मिळून केलेला आहे.

शिक्का इतक्या सहज कसा लागतो, हे १९७६ सालच्या दोन प्रयोगांत स्वच्छ दिसतं. जॉन कॉन्ड्री आणि सँड्रा कॉन्ड्री यांनी एका बाळाची फिल्म लोकांना दाखवली. डब्यातून अचानक उसळून वर येणाऱ्या खेळण्याकडे पाहून बाळ रडतं. काहींना सांगितलं हा मुलगा आहे, काहींना सांगितलं ही मुलगी आहे. बाळ तेच, रडणं तेच. मुलगा समजून पाहणाऱ्यांना त्यात राग जास्त दिसला, मुलगी समजून पाहणाऱ्यांना भीती. त्याच वर्षी बर्ट डंकन यांनी अमेरिकेतल्या गोऱ्या विद्यार्थ्यांना दोघांच्या वादाचं चित्रण दाखवलं. शेवटी एकजण दुसऱ्याला ढकलतो. ढकलणारा काळा असेल तर बहुतेकांनी त्याला हिंसक म्हटलं. तोच धक्का गोऱ्याने दिला तेव्हा बऱ्याच जणांनी तो थट्टामस्करीत मोडला. डोळ्यांनी पाहिलेलं म्हणजे खरं, असं आपण समजतो. पण पाहतानाच अर्थ लावून झालेला असतो, आणि तो आपण लावला हे आपल्या लक्षातही येत नाही.

म्हणून मंडईत जाण्यापूर्वी व्याख्या ठरवायची. आपल्या अभ्यासात ‘घासाघीस’ कशाला म्हणायचं? मी सुचवीन ती अशी: भाजीवाल्याने भाव सांगितल्यावर गिऱ्हाइकाने यांपैकी एक तरी गोष्ट केली तर ती घासाघीस धरायची. त्याहून कमी आकडा बोलणं, आकडा न बोलता भाव कमी करायला सांगणं, किंवा पैसे तेच ठेवून वर काही जास्त मागणं. तिसरी गोष्ट विसरू नका. ‘भाव राहू दे, कोथिंबिरीची काडी टाका की वर’ हीसुद्धा किंमत कमी करून घेण्याचीच रीत आहे.

आता काठावरचे प्रसंग. गिऱ्हाइकाने भाव ऐकून नुसता चेहरा वाकडा केला तर? न बोलता पुढच्या गाळ्यावर गेला तर? ‘काल तर स्वस्त होतं’ एवढंच म्हणाला तर? याची उत्तरं कुठल्या पुस्तकात मिळणार नाहीत, ती तुम्ही ठरवायची आणि लिहून ठेवायची. माझं मत: चेहरा मोजू नये, कारण चेहरा वाचण्यातच शिक्का परत शिरतो. ‘काल स्वस्त होतं’ मात्र मोजावं. खरी यादी बनवायला अर्धा तास मंडईत नुसतं उभं राहून यावं लागतं, घरी बसून सगळे काठ सुचत नाहीत. या चाचणी-फेरीच्या नोंदी अंतिम हिशेबात धरू नका.

पायरी तिसरी: कुणाला पाहायचं, हे डोळ्यांवर सोडू नका

आपला डोळा आवाजाकडे जातो. दहा गिऱ्हाइकं गुपचूप भाजी घेऊन जातात आणि अकरावं गिऱ्हाईक मोठ्याने हुज्जत घालतं. संध्याकाळी आठवतं ते अकरावं. जीन आल्टमन या संशोधिका केनियातल्या अंबोसेलीत बबून माकडांचा अभ्यास करत. निरीक्षणात नमुना कसा निवडायचा यावर त्यांनी १९७४ साली एक लेख लिहिला, आणि प्राण्यांच्याच नाही तर माणसांच्या अभ्यासातही तो आजवर आधाराला घेतला जातो. जे दिसेल ते टिपत जाण्याच्या रीतीत ठळक वागणं आणि ठळक प्राणीच वहीत जास्त येतात, हे त्यांनी नीट मांडलं. त्यावर उपाय म्हणजे कुणाला, कधी, किती वेळ पाहायचं, हे आधीच ठरवणं. ठरलेल्या एकालाच ठरावीक वेळ पाहायचं, किंवा ठरावीक अंतराने सगळ्यांवरून नजर फिरवून त्या क्षणी कोण काय करतंय ते टिपायचं.

मुलांच्या अभ्यासात मिल्ड्रेड पार्टेन यांनी हेच त्याआधी करून दाखवलं होतं. १९३२ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या कामात बालवाडीतल्या प्रत्येक मुलाला एकेक मिनिट पाहून तो एकटा खेळतो, शेजारी बसून आपापलं खेळतो, की मिळून खेळतो, अशा सहा प्रकारांत नोंद केली होती. अंगणवाडीत प्रकल्प करणाऱ्यांनी ती पद्धत जरूर वापरून पाहावी.

मंडईसाठी सोपा नियम असा. एक गाळा निवडा. त्या गाळ्यावर येऊन भाव विचारणारं प्रत्येक तिसरं गिऱ्हाईक नोंदवा, मग ते गप्प राहो की भांडो. तिसऱ्याची नोंद पूर्ण होईपर्यंत पुढची दोन येऊन गेली तर मोजणी तिथून नव्याने सुरू करा. गाळे एकाहून जास्त घ्या, कारण काही विक्रेते भाव मुळात चढवून सांगतात आणि काही एकच भाव धरून बसतात. भाव एकच असेल तिथे घासाघीस कमीच होणार, गिऱ्हाईक कुणीही असो.

वेळ तर फारच महत्त्वाची. सोलापूरचा एप्रिल-मे आठवा. दुपारी एक वाजता मंडईत उभं राहून दोन रुपयांसाठी वाद घालायला कुणाला सुचतं? आणि रात्री गाळा आवरताना माल उरला असेल तर विक्रेताच भाव उतरवतो. स्त्रिया सकाळी जास्त येत असतील आणि पुरुष कामावरून परतताना, तर तुम्ही बाई-पुरुष मोजतोय असं समजून प्रत्यक्षात सकाळ-संध्याकाळ मोजून बसाल. म्हणून दिवसाचे तीन-चार भाग पाडा आणि प्रत्येक भागात सारख्याच वेळा जा. जानेवारीत गड्ड्याच्या यात्रेच्या दिवसांत गर्दीचं रूपच बदलतं. ते दिवस वगळा, किंवा वेगळे मोजा.

पायरी चौथी: मोजताना छेद, म्हणजे ‘एकूण किती पैकी’, विसरू नका

या पायरीवर मी सगळ्यात जास्त वेळ घेणार आहे, कारण बहुतेक साचेबंद समज इथेच जन्माला येतात.

समजा, तुम्ही १०० गिऱ्हाइकं नोंदवली. त्यात ७५ स्त्रिया, २५ पुरुष. घासाघीस करणाऱ्या ३० स्त्रिया आणि १० पुरुष. भाजीवाल्याच्या डोळ्यांसमोर काय राहतं? घासाघीस करणाऱ्या ४० जणांत ३० बायका. चारातल्या तीन! त्याचं म्हणणं त्याच्या दृष्टीने अगदी खरं आहे. आता प्रमाण काढा. ७५ पैकी ३० म्हणजे ४० टक्के. २५ पैकी १० म्हणजेही ४० टक्के. फरक शून्य. मंडईत बायका जास्त येतात, एवढीच काय ती यातली माहिती. (आकडे समजावण्यापुरते घेतले आहेत, तुमच्या मंडईत काय निघेल ते तुमचीच नोंद सांगेल.)

न केलेलं वागणं मोजण्याचा आग्रह यासाठीच. गप्प गेलेल्या ४५ स्त्रिया कागदावर नसतील तर हा हिशेब करताच येत नाही. ‘घासाघीस दिसली की टिपायची’ अशी नोंद हजार वेळा केली तरी तिचा उपयोग नाही, आणि सेटलमेंटच्या नोंदवहीत जे झालं तेच पुन्हा होईल.

लहान गटांच्या बाबतीत आणखी एक खोट आहे. १९७६ साली हॅमिल्टन आणि गिफर्ड यांनी लोकांना दोन काल्पनिक गटांतल्या माणसांबद्दल वाक्यं वाचायला दिली. एक गट मोठा, एक छोटा. दोन्हींत चांगल्या-वाईट वागण्याचं प्रमाण अगदी सारखं, आणि वाईट वागणं एकंदरीत कमी. तरीही लोकांना छोट्या गटात वाईटपणा जास्त वाटला. विरळ माणूस आणि विरळ घटना एकत्र आली की ती मनात घट्ट बसते. सोलापुरात मराठी, कन्नड, तेलुगू आणि दख्खनी उर्दू बोलणारे लोक एकाच रस्त्यावर राहतात, आणि प्रत्येक गल्लीत कुणी ना कुणी संख्येने थोडा असतो. ‘त्यांच्यातले’ असं कुणी म्हणायला लागलं की मनात विचारा, एकूण किती पाहिले?

आणि गट ओळखायचा कसा, हाही प्रश्न आहे. कपडे, कुंकू, टोपी, रंग पाहून ‘हा अमुक समाजाचा’ असं तुम्ही रकान्यात लिहिलं, तर ठोकताळा तपासायला निघून पहिली नोंदच ठोकताळ्यावर केलीत. माझा सल्ला स्पष्ट आहे: जात, धर्म, मातृभाषा नुसतं पाहून कधीही लिहू नका. अभ्यासाला ती माहिती खरोखर हवी असेल तर परवानगी घेऊन विचारा, नाहीतर तो रकाना काढून टाका. गिऱ्हाईक व्यवहारात कोणती भाषा बोललं, हे मात्र लिहिता येतं, कारण ते कानाने ऐकलेलं असतं. पण बोललेली भाषा म्हणजे मातृभाषा नव्हे. भाजीवाला पाहून चारही भाषा फिरवणारी माणसं या गावात घरोघर आहेत.

पायरी पाचवी: दोन माणसं, आणि दोघांचे कान वेगळे

एकट्याच्या नोंदीवर विसंबू नये. दोघांनी एकाच गाळ्यावर, एकाच वेळी, एकमेकांच्या वहीत न पाहता नोंद करायची आणि मग जुळवायची.

सोलापुरात जोडीदार निवडताना भाषेचा विचार आधी करा. फक्त मराठी समजणाऱ्या निरीक्षकाला ‘कमी करा की मामा’ ऐकू येईल. ‘स्वल्प कम्मी माड्री’ किंवा ‘कोंचेम तग्गिंचंडी’ हे त्याला नुसतं बोलणं वाटेल, आणि तो ‘घासाघीस नाही’ असं लिहून मोकळा होईल. संध्याकाळी बेरीज केल्यावर निष्कर्ष काय निघेल? मराठी गिऱ्हाइकं भाव पाडतात, तेलुगू-कन्नड गिऱ्हाइकं पाडत नाहीत! निरीक्षकाच्या कानाची मर्यादा एका समाजाचा स्वभाव म्हणून छापली जाईल. म्हणून त्या गाळ्यावर चालणाऱ्या सगळ्या भाषा दोघांत मिळून तरी समजायला हव्यात. नाही समजलं तर ‘कळलं नाही’ असा वेगळा रकाना ठेवा, आणि तो प्रामाणिकपणे भरा.

दोघांचं किती जुळलं, ते आकड्यात काढायचं. समजा १०० गिऱ्हाइकांपैकी ३० वेळा दोघांनी ‘हो’ लिहिलं, ५० वेळा दोघांनी ‘नाही’, आणि २० वेळा मतभेद झाला, दहा इकडचे, दहा तिकडचे. सहमती ८० टक्के. छान वाटतं. पण डोळे मिटून नोंद केली असती तरी काही वेळा योगायोगाने जुळलंच असतं. जेकब कोहेन यांनी १९६० साली हा योगायोग वजा करणारा आकडा दिला, त्याला कप्पा म्हणतात. आपल्या उदाहरणात प्रत्येकाने ४० वेळा ‘हो’ लिहिलं आहे. योगायोगाची सहमती ०.४ गुणिले ०.४ अधिक ०.६ गुणिले ०.६, म्हणजे ०.५२. प्रत्यक्ष ०.८० मधून ०.५२ वजा करा, उरलं ०.२८. त्याला १ वजा ०.५२, म्हणजे ०.४८ ने भागा. उत्तर सुमारे ०.५८. मध्यम म्हणता येईल, समाधान मानण्यासारखं नाही. असं झालं तर जोडीदाराला दोष देत बसू नका. मतभेद झालेले वीस प्रसंग घेऊन दोघं चहाला बसा. बहुतेक वेळा व्याख्येतच फट सापडते. ती बुजवून पुन्हा चाचणी घ्या.

जमलं तर नोंद करणाऱ्याला तुमचा अंदाज सांगूच नका. रोझेन्थाल आणि फोड यांनी १९६३ साली विद्यार्थ्यांना साधेच उंदीर दिले, पण काहींना सांगितलं की तुमचे उंदीर हुशार वाणाचे आहेत, काहींना सांगितलं मंद वाणाचे. ‘हुशार’ उंदरांची चक्रव्यूहातली कामगिरी खरोखरच चांगली नोंदली गेली. अपेक्षेने नोंद बदलली की उंदराला हाताळणं बदललं, काहीही असो, आकडे बदलले.

पायरी सहावी: माणूस तोच, जागा वेगळी

एखादं वागणं दिसलं की आपण ते स्वभावात टाकतो. ‘पूर्व भागातली माणसं फार मोठ्याने बोलतात, तापट आहेत’ असं शहरात सहज बोललं जातं. पूर्व भाग म्हणजे सोलापूरची यंत्रमाग कामगारांची वस्ती. कधी चालू यंत्रमागांच्या शेडमध्ये उभे राहिला आहात? धोट्यांच्या खडखडाटात शेजारच्या माणसाशी बोलायचं तर कानाशी तोंड न्यावं लागतं किंवा ओरडावं लागतं. असा आवाज वर्षानुवर्षं ऐकून कानाने कमी ऐकू येतं, हे वैद्यकशास्त्राला चांगलं माहीत आहे. मग शेडबाहेरही आवाज चढा राहिला तर तो राग म्हणायचा की कामाची खूण?

हा प्रश्न वाद घालून सुटत नाही, निरीक्षणाने थोडाफार सुटतो. परवानगी घेऊन त्याच कामगारांना शेडमध्ये, चहाच्या टपरीवर आणि जमल्यास सुट्टीच्या दिवशी पाहा. आवाजाची पातळी आणि वादाचे प्रसंग असे दोन वेगळे रकाने ठेवा. त्याच जागी बसणाऱ्या, माग न चालवणाऱ्यांच्याही नोंदी घ्या. रॉजर बार्कर यांनी १९४७ पासून अमेरिकेतल्या कॅन्ससमधल्या ओस्कालूसा या छोट्या गावात मुलांचं वागणं जागोजागी जाऊन टिपलं. एकाच ठिकाणी वेगवेगळी मुलं जितकी सारखी वागतात, तितकं एकच मूल वेगवेगळ्या ठिकाणी सारखं वागत नाही, असं त्यांना दिसलं. देवळात सगळीच मुलं देवळातल्यासारखी वागतात, मैदानात मैदानातल्यासारखी.

पायरी सातवी: लोकांचा मान

मंडई सार्वजनिक आहे म्हणून वाटेल ते करायला मोकळीक नाही. नाव, फोटो, आवाजाची नोंद नको. विक्रेत्याला आधी भेटा, काय करणार ते सांगा, त्याच्या धंद्याच्या आड येऊ नका. गिऱ्हाइकाला कुणी टिपतंय असं वाटून अवघडलं तर तिथून बाजूला व्हा. घर, वर्ग, कारखाना, विडी कारखान्याची शाखा अशा ठिकाणी लेखी संमतीशिवाय पाऊल टाकू नका. मुलांसाठी पालकांची संमती घ्या. कॉलेजच्या किंवा विद्यापीठाच्या नैतिकता समितीची मंजुरी निरीक्षण सुरू होण्याआधी घ्यायची असते, नंतर नाही. आणि मार्गदर्शकाला पहिलं टिपण देण्याआधी स्वतःला विचारा, हा निष्कर्ष ज्यांच्याबद्दल आहे त्यांच्यासमोर मी वाचून दाखवू शकेन का?

माणसं कुणी पाहतंय म्हटल्यावर वागणं बदलतात. त्यासाठी पहिल्या एक-दोन फेऱ्यांना वही बाहेर काढू नका, नुसते जा, भाजी घ्या, ओळख होऊ द्या.

पायरी आठवी: विचारलेलं आणि पाहिलेलं वेगळं ठेवा

मंडईत एवढं उभं राहण्यापेक्षा प्रश्नावली वाटली तर? वाटा, पण तिने निरीक्षणाची जागा भरून निघत नाही. रिचर्ड लापियर यांनी एका चिनी जोडप्याबरोबर अमेरिकेत प्रवास केला आणि १९३४ साली त्याबद्दल लिहिलं. त्या काळी तिथे चिनी लोकांविरुद्ध बराच पूर्वग्रह होता. २५१ हॉटेलं आणि खाणावळींपैकी फक्त एकाने त्यांना नाकारलं. नंतर त्याच ठिकाणी पत्र पाठवून विचारलं, चिनी गिऱ्हाइकांना घ्याल का? उत्तर देणाऱ्यांपैकी ९० टक्क्यांहून जास्त जणांनी नाही म्हटलं. त्या अभ्यासात उणिवा आहेत, पत्राला उत्तर देणारा आणि दारात उभा राहणारा माणूस एकच होता का, हेही ठाऊक नाही. पण बोलणं आणि करणं यांत केवढं अंतर असू शकतं, ते त्यातून कळतं.

निरीक्षण ‘काय’ सांगतं, ‘का’ सांगत नाही. घासाघीस करणाऱ्या बाईच्या हातात महिन्याचा ठरलेला खर्च असेल, किंवा तिला त्यात मजा येत असेल, किंवा भाजीवाल्याशी वीस वर्षांची ओळख असेल. ते कळायला नोंद संपल्यावर तिच्याशी बोलावं लागतं, आणि ते बोलणं वेगळ्या कागदावर ठेवावं लागतं.

लिहिताना

अहवालात वाक्यं तेवढीच मोठी करा जेवढी नोंद आहे. ‘सोलापुरी स्त्रिया अशा असतात’ हे लिहायचा अधिकार तीन गाळ्यांवरून मिळत नाही. ‘या तीन गाळ्यांवर, या महिन्यात, या वेळांना’ एवढंच लिहा.

निष्कर्ष समजाच्या बाजूने निघाला तरी तो तसाच द्या. बायका पुरुषांपेक्षा कितीतरी जास्त बोलतात, ही तर जगभरातली समजूत. मथियास मेल आणि सहकाऱ्यांनी २००७ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात ३९६ विद्यार्थ्यांच्या अंगावर छोटी ध्वनिमुद्रण यंत्रं होती, ती ठरावीक अंतराने आपोआप थोडा वेळ चालू होत. हिशेब निघाला: दिवसाला दोघांचेही सुमारे १६ हजार शब्द. पुढे याहून मोठ्या आणि वेगवेगळ्या वयांच्या नमुन्यावर तपासलं तेव्हा मधल्या वयात स्त्रियांचं बोलणं थोडं जास्त निघालं, पण माणसामाणसातला फरक बाई-पुरुष फरकाहून खूप मोठा होता. संशोधकांनी दोन्ही निकाल छापले. तुमच्या मंडईतही एका वेळेला फरक निघेल, दुसऱ्या वेळेला निघणार नाही. दोन्ही लिहा, आणि सरासरीबरोबर आकडे किती पसरलेले आहेत तेही द्या. सगळ्यात जास्त घासाघीस झालेला गाळा कोणता, अजिबात न झालेला कोणता, हे वाचणाऱ्याला दिसलं पाहिजे.

कच्चे तक्ते फाडू नका, पुढच्या वर्षीच्या विद्यार्थ्याला ते पुन्हा तपासता यायला हवेत. सगळं झाल्यावर एक प्रत घेऊन त्याच भाजीवाल्यांकडे जा आणि टेबलातले आकडे त्यांना त्यांच्या भाषेत समजावून सांगा. ते वाद घालतील, ‘तुम्ही अमावास्येला आला होता, त्या दिवशी माल कमी असतो’ असलं काही सांगतील जे तुमच्या कुठल्याच रकान्यात नाही. ते म्हणणं अहवालात वेगळ्या परिच्छेदात घाला आणि पुढच्या फेरीसाठी तक्त्यात एक नवा रकाना आखा.